उतारवयाचा मेंदू – भाग ४ : वजनाचा काटा आणि स्मृती

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अवघे दोन टक्के. पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. ही ऊर्जा साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्तातून क्षणोक्षणी येणाऱ्या प्राणवायूवर आणि ग्लुकोजवर त्याचा कारभार चालतो. म्हणून रक्तवाहिन्या, रक्तदाब, साखर आणि चरबी यांत जे बिघडते त्याची झळ आज ना उद्या मेंदूला लागते. वजनाचा आणि स्मृतीचा संबंध मुख्यतः याच वाटेने येतो. तो आयुष्यभर एकसारखा मात्र राहत नाही. पन्नाशीत वजन वाढणे धोक्याचे, तर पंच्याहत्तरीत ते आपोआप उतरू लागणे काळजीचे.

मध्यमवयाचा पुरावा बराच भक्कम आहे. फिनलंडमध्ये मीआ किविपेल्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयात तपासलेल्या सुमारे दीड हजार लोकांना सरासरी २१ वर्षांनी पुन्हा तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मध्यमवयात ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, ३० च्या वर होता त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, होण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. स्थूलपणा, वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही तिन्ही एकत्र असलेल्यांत तो सहापटींच्या आसपास गेला. अमेरिकेतील २००८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात चाळिशी-पंचेचाळिशीत पोटाची पुढून मागे जाडी मोजून ठेवलेल्या लोकांची सरासरी ३६ वर्षांनंतरची स्थिती पाहिली गेली. ज्यांचे पोट सर्वांत सुटलेले होते त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जवळपास तिप्पट आढळले. एकूण वजन बेताचे पण पोट सुटलेले, अशांनाही धोका होताच.

पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी निमूटपणे पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायने रक्तात उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साखर आणि रक्तदाब वाढतात. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड होत जातात आणि त्यांच्या आधारावर असलेल्या चेतातंतूंची हानी होते. हे सारे वीस-तीस वर्षे कुठलेही लक्षण न दाखवता चालू असते.

या बाबतीत भारतीय शरीराची एक खोड पुण्यातील संशोधनामुळे जगापुढे आली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मापे छापली. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात मात्र २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका छायाचित्राने आणि चार आकड्यांनी पटवून दिले. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या: २३ पासून वजन जास्त, २५ पासून स्थूलपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. हा घेर पँटच्या नंबरावरून कळत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, फीत न आवळता तो मोजायचा असतो.

आता साठीपलीकडचा भाग. लंडनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ मध्ये १०,३०८ जणांना घेऊन सुरू झाला. त्यातून २०१८ साली पुढे आलेले चित्र विचार करायला लावणारे होते. वयाच्या पन्नाशीत स्थूल असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट होता. साठी आणि सत्तरीत मोजलेल्या स्थूलपणाशी मात्र तसा संबंध दिसला नाही. कारण त्याच अभ्यासात दडलेले होते. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचे वजन ऐन वयात इतरांपेक्षा जास्त असे, पण निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासून ते इतरांच्या खाली उतरू लागले होते. आजार नावानिशी ओळखू येण्यापूर्वीच भूक, वासाची जाण आणि जेवणाची शिस्त ढासळू लागते. भाजी आणणे, निवडणे, फोडणीला टाकणे या साखळीतला एखादा दुवा निसटतो आणि दुपारचे जेवण चहा-बिस्किटावर भागते.

हे लक्षात न घेतल्याने मोठा गोंधळ उडतो. २०१५ साली ब्रिटनमधील सुमारे वीस लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून कृश व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आणि स्थूल व्यक्तींमध्ये कमी, असा निष्कर्ष निघाला आणि जाडपणा मेंदूला तारतो असा बोभाटा झाला. असा अर्थ काढणे घातक आहे. उतारवयातील कृशता ही पुष्कळदा आत सुरू झालेल्या आजाराची खूण असते, त्याचे कारण नव्हे.

उतारवयात वजनकाट्याचा आकडा फसवाही होतो. मणके दबून उंची कमी होते, त्यामुळे बीएमआय आपोआप वाढलेला दिसतो. दुसरीकडे स्नायू झडतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. काटा तोच आकडा दाखवतो आणि पाय मात्र काटकुळे होतात. स्नायूंची ताकद तपासायची एक सोपी रीत आहे. हात छातीशी घडी घालून, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. याला १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ताकद कमी झाल्याचे समजतात. तोल जाण्याची भीती असेल त्यांनी हे कोणाला तरी शेजारी उभे करूनच करावे.

म्हणून सत्तरीनंतर आपल्या मनाने कडक डाएट धरणे, रात्रीचे जेवण सोडणे किंवा उपवास वाढवणे योग्य नाही. वजन उतरवणे गरजेचेच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, व्यायामासह आणि पुरेशा प्रथिनांसह व्हावे. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी हे माप वेगळे.) एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि पातळ वरणाच्या वाटीत त्याहून फारसे अधिक नसते. भात-आमटीवर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांची तूट किती मोठी असते ते यावरून कळावे. दही, पनीर, उसळी, घट्ट वरण, चालत असेल त्यांना अंडी आणि मासळी, हे रोजच्या ताटात हवे.

हालचालीचा थेट परिणाम मेंदूच्या आकारमानावर दिसला आहे. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटात तो घटला. फिनलंडच्या ‘फिंगर’ प्रयोगात ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर असा एकत्रित कार्यक्रम दिला गेला. बौद्धिक चाचण्यांत त्यांची प्रगती दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. याउलट मेंदूसाठी म्हणून गाजलेल्या ‘माइंड’ आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये पुरी झाली तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा खास फरक दिसला नाही. ताटातला एखादाच पदार्थ बदलून मेंदू राखता येतो, या जाहिरातींना त्यामुळे आधार उरत नाही.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ घटक मांडले. मध्यमवयातील स्थूलपणा, मधुमेह, रक्तदाब, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा हे त्यांतले काही. ते सगळे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा अंदाज आहे. हा हिशेब साऱ्या समाजाचा आहे, एकट्या माणसाला मिळालेली हमी नव्हे. तरी साठीवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या भारतात तो फार महत्त्वाचा ठरतो.

घरातील ज्येष्ठांचे वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. बांगड्या सैल होणे, कवळी ढिली होणे, पायजम्याची नाडी दरवेळी जास्त आवळावी लागणे, या खुणांकडे वय झाले म्हणून दुर्लक्ष करू नये. काही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंहून जास्त, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, दुखरे दात किंवा एखादे औषध यांपैकी काहीही असू शकते. जाताना वजनाच्या नोंदी, चालू औषधांची यादी आणि गेल्या वर्षभरात विसरण्यात काही फरक जाणवला असेल तर तोही लिहून सोबत न्यावा.