तयार अन्न आणि घरची चूल

गच्च्यांवर पापड, कुरडया, सांडगे वाळू लागतात त्याच दिवसांत वसंत व्याख्यानमाला भरते. तेव्हा विषयाला तेथूनच आरंभ करू. तयार अन्न पाकिटाबरोबर आले असा आपला समज आहे. तो खरा नाही. वाळवण, मेतकूट, भाजणी ही आपल्या आज्यांची तयार अन्नेच होत. सवडीच्या दिवसांतले श्रम डब्यात भरून ठेवायचे आणि घाईच्या दिवसांत काढायचे, एवढीच त्यातली युक्ती. आमचा बिहारी मागवाला भाजलेल्या हरभऱ्याचा सत्तू पाण्यात कालवून कांद्याशी खातो, चूल पेटवीत नाही, तेही तेच. तेव्हा विचारायचे ते हे की, डब्यातले श्रम कोणाचे, त्यांना दाम काय मिळाले, आणि साठवताना अन्नातले काय गेले?

भिवंडीत हा प्रश्न घड्याळाला बांधलेला आहे. यंत्रमागावर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात, आणि मजुरी कापडाच्या मीटरवर असल्याने माग थांबला की पैसा थांबला. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीनची अट घातली. आमच्या पत्र्याच्या शेडींत तेवढे कामगार असतात कोठे? म्हणून कामगारांनी वाट काढली ती भिशीची. (अन्यत्र भिशी म्हणजे पैशांचा फेर, येथे भिशी म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवू घालणारी खानावळ.) मुलखात घरदार ठेवून आलेला माणूस तेथे डाळ, भात, चपाती, भाजी जेवतो. ते अन्न घरचे नव्हे, पण पाकिटातलेही नव्हे.

मुंबईच्या गिरणगावात हेच काम खानावळवाल्या बायकांनी केले. गिरणीवाल्यांना जेवू घालीत आणि किराण्यासाठी सावकाराचे व्याज भरीत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले व बँकांची कर्जे मिळवून दिली. त्याआधी, 1959 साली, गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. लाटणाऱ्या बायकाच त्या संस्थेच्या मालकीण. असा पापड विकत घेणाऱ्या गृहिणीला आम्ही आळशी म्हणणार नाही.

रात्रपाळीतल्या खारी-फरसाणाचे आणि पोरांच्या झटपट शेवयांचे तसे नाही. मैद्यातून गव्हाचा कोंडा आणि अंकुर दोन्ही गेलेले. वर मीठ आणि तेल. पोट भरल्यासारखे वाटते आणि तासाभरात पुन्हा चहा लागतो. मूठ-दोन मूठ मुगाची डाळ आणि तांदूळ कुकरात घातले, तर अर्ध्या तासात घरभर खिचडी होते.

हेच आम्ही एकदा चाळीतल्या सभेत मोठ्या आवेशाने सांगत होतो. कांडी भरणारी एक बाई मागून म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरी भाकरी कोण थापतं?" सभा हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर नव्हते. दिवसभर कांड्या भरून आलेल्या बाईला आम्ही सांगत होतो ते बिनपगारी जादा काम होते, आणि जादा कामाविरुद्ध आम्ही आयुष्यभर भांडलो!

त्यानंतर घरी वाटणी केली. पापड, मसाला, पाव विकत. पीठ गिरणीतून दळून. डाळ, भाजी, भाकरी मात्र रोजची घरी. कडधान्य भिजत घालणे थोरल्या मुलाकडे, सकाळची भाजी आमच्या मंडळीकडे, रात्रीची भाकरी आमच्याकडे. सभा लांबली की त्या रात्री पाव येतो, त्याचे कोणी वाईट मानीत नाही. आमच्या भाकरीला अजून कडेने चिरा पडतात. पीठ गरम पाण्यात मळा, असे त्या कांडीवाल्या बाईंनी परवाच सांगितले आहे.