घरचें दप्तर आणि आकाशांतील पेटी



मोर्शीसारख्या तालुक्याच्या गांवीं कोणत्याहि जुन्या घरांत गेलें, तर माजघरांत किंवा माडीवर एक लोखंडी पेटी हटकून आढळते. संत्र्याच्या मळ्याचे सातबारे, फेरफाराच्या नकला, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कर्जफेडीच्या पावत्या आणि मुलांच्या गुणपत्रिका असें सारें दप्तर तींत एका फडक्यांत बांधून ठेविलेलें असतें. या पेटीची आठवण घरच्या माणसांस दोनच प्रसंगीं होते : मुलाच्या प्रवेशाची मुदत संपत आली म्हणजे, आणि कागदांना वाळवी लागली म्हणजे. दोन्ही प्रसंगीं ती आठवण उशिराच झालेली असते.

हें केवळ टापटिपीचें प्रकरण नव्हे. जातपडताळणीसाठीं इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. वऱ्हाडांत अशा वेळीं पुष्कळदां ‘कोतवाल बुका’ची नक्कल, म्हणजे गांवच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, हीच कामास येते, आणि ती कधीं कधीं मोडी लिपींत असते. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापाशीं त्या जमिनीची खूण म्हणून भूसंपादनाचे कागद आणि प्रकल्पग्रस्ताचें प्रमाणपत्र एवढेंच उरलें आहे. असा एक कागद हरवला, तर एका मुलाचें वर्ष किंवा एका कुटुंबाचा हक्क त्याबरोबर जाऊं शकतो.

या पेटीस आतां एक जोडीदार मिळाला आहे. त्यास ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असें नांव असलें तरी आकाशाशीं त्याचा संबंध नाहीं. दूर कोठें तरी मोठ्या इमारतींत अहोरात्र चालणारीं यंत्रें असतात. आपण पाठविलेल्या कागदाची प्रतिमा तेथें राहते आणि इंटरनेटच्या द्वारें हवी तेथें उघडतां येते. मोबाइल विहिरींत पडला तरी ती बुडत नाहीं. परंतु पुष्कळ लोक या सोयीचा उपयोग अडगळीच्या खोलीसारखा करितात : वस्तु आंत टाकावी आणि विसरून जावें. तिच्यापासून अधिक लाभ कसा घ्यावा, तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम सरकारी पेटी पाहूं. केंद्र सरकारचें ‘डिजिलॉकर’ २०१५ सालीं सुरू झालें. त्यांत दोन कप्पे आहेत आणि त्यांतील भेद नीट ध्यानांत ठेवावा. एका कप्प्यांत ज्या खात्यानें कागद दिला त्याच्याच दप्तरांतून तो थेट येतो. दुसऱ्यांत आपण स्वतः काढलेलें छायाचित्र ठेवितां येतें. पहिल्या प्रकारच्या कागदास २०१६ च्या नियमांत २०१७ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आहे. दुसरा प्रकार ही केवळ झेरॉक्स होय. म्हणून दहावी-बारावीची गुणपत्रिका, वाहन चालविण्याचा परवाना इत्यादि कागद छायाचित्र काढून न चढवितां पहिल्या कप्प्यांत मागवून घ्यावेत. आपल्या कागदांसाठीं तेथें १ जीबी जागा असते आणि एका कागदाचा आकार १० एमबीपर्यंत चालतो.

कागद मागविते वेळीं नेहमीची अडचण येते ती नांवाची. आधारवर ‘सुमन’ आणि गुणपत्रिकेवर ‘सुमनबाई’ असेल, तर यंत्र दोघींस निरनिराळ्या समजतें. ही विसंगति प्रवेशाच्या आदल्या दिवशीं कळण्यापेक्षां सहा महिने आधीं कळलेली बरी. सातबाऱ्यासाठीं तर महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज नाहीं.

जे जुने कागद कोणत्याहि खात्याकडून येणार नाहींत, त्यांसाठीं गूगल ड्राइव्हसारखी खासगी सोय उपयोगी पडते. तींत १५ जीबी जागा विनामूल्य असते. मात्र टपाल आणि छायाचित्रें यांचाहि भार त्याच जागेवर पडतो. कागद उजेडांत सपाट ठेवून ड्राइव्हच्याच ‘स्कॅन’ सोयीनें टिपावा, आणि त्यास लगेच नांव द्यावें. आधीं वर्ष, मग व्यक्ति, मग विषय, जसें ‘१९५८ आजोबा शाळेचा दाखला’, अशी पद्धत धरली, तर सर्व कागद आपोआप कालक्रमानें लागतात. छापील देवनागरी मजकुराची प्रतिमा गूगल डॉक्समध्यें उघडली असतां यंत्र त्यांतील अक्षरें बरीचशीं वाचून देतें. मोडी हस्ताक्षर मात्र तें वाचील अशी आशा धरूं नये. तें जाणत्या माणसाकडून वाचवून घ्यावें आणि तें लिप्यंतर त्याच कप्प्यांत ठेवावें.

पुण्यास शिकणाऱ्या मुलीस कागद हवा असेल, तर त्या एकाच कागदाचा दुवा तिच्या नांवें द्यावा, आणि ‘केवळ पाहण्याचा’ अधिकार ठेवावा. ‘दुवा असणाऱ्या कोणासहि’ हा पर्याय म्हणजे पेटीची किल्ली चौकांत टांगून ठेवणें होय. दुकानांतील संगणकावर खातें उघडलें, तर उठण्यापूर्वीं तें बंद करावें, आणि संकेतशब्दाखेरीज दुसऱ्या पडताळणीचें कुलूप अवश्य लावावें.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइल आणि ढग परस्परांशीं जोडलेले असले, तर एके ठिकाणीं खोडलेला कागद दुसरीकडूनहि जातो. ड्राइव्हच्या कचरापेटींत तो ३० दिवस राहतो. पुढें कायमचा नाहींसा होतो. यास्तव महत्त्वाच्या कागदांची तिसरी प्रत एखाद्या पेन ड्राइव्हमध्यें निराळी ठेवावी. शिवाय गूगलचें खातें दोन वर्षें वापरलें नाहीं, तर तें कंपनी खोडूं शकते. घरचा कर्ता गेला आणि संकेतशब्द त्याच्याबरोबर गेला, असें होऊं नये, म्हणून खातें काहीं महिने स्वस्थ राहिल्यास आपण निवडलेल्या माणसांस त्यांतील सामग्री मिळण्याची व्यवस्था गूगलनें केलेली आहे. ती जिवंतपणींच करून ठेवावी लागते. आपण मृत्युपत्राचा विषय टाळतों तसाच हाहि टाळतों, आणि त्याचा भार मागें राहिलेल्यांवर पडतो.

शेवटीं इतकेंच, कीं या नव्या पेटीमुळें जुनी पेटी टाकून देऊं नका. मूळ कागद मूळच राहतो. कोतवाल बुकाची साक्षांकित नक्कल छायाचित्रानें रद्द होत नाहीं. येत्या रविवारीं दुपारीं ती लोखंडी पेटी खालीं उतरवा, कागदांना थोडें ऊन दाखवा, आणि घरांतील वृद्ध व तरुण एकत्र बसून एकेक कागद टिपून घ्या. कोणता कागद कोणाचा आणि कशासाठीं जपला, हें वृद्धच सांगूं शकतात. आणि तें त्यांना विचारण्याची संधि यंत्राच्या निमित्तानें का होईना, या दुपारीं मिळेल.