चांदीतील गुंतवणूक

चांदीतील गुंतवणूक : मूल्यसंचयाच्या अथवा भाववाढीपासून लाभ मिळविण्याच्या हेतूने केलेली चांदीची खरेदी. सोने मुख्यत्वे दागिने व साठा यांसाठी घेतले जाते. चांदीच्या मागणीपैकी निम्म्याहून अधिक मागणी मात्र उद्योगधंद्यांची असते. त्यामुळे मौल्यवान धातू व औद्योगिक कच्चा माल अशा दोन्ही नात्यांनी तिची किंमत ठरते.

चांदीचा पुरवठा किंमतीला सहजी प्रतिसाद देत नाही. खाणींतून मिळणाऱ्या चांदीपैकी बहुतांश चांदी शिसे, जस्त, तांबे व सोने यांच्या उत्खननात उपपदार्थ म्हणून हाती येते. साहजिकच चांदी महागली, तरी जस्तास उठाव नसल्यास उत्पादन फारसे वाढत नाही. छायाचित्रणाच्या फिल्मसाठी होणारा तिचा खप एकविसाव्या शतकात घटला. सौरघटांसाठी मात्र तो वाढला.

सरकारी धोरणाचा प्रभाव याहून जुना आहे. १८७१–७३ मध्ये जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारल्यानंतर चांदीचे भाव कोसळू लागले व सु. दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये हिंदुस्थानातील टाकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या. परिणामी, ज्यांची सारी बचत चांदीच्या दागिन्यांत होती, त्यांना ते मोडून टाकसाळीत तितक्याच वजनाचे रुपये पाडून घेता येईनात.

सट्ट्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील हंट बंधूंचे. नेल्सन बंकर व विल्यम हर्बर्ट हंट यांनी प्रत्यक्ष चांदी व वायदे यांची प्रचंड खरेदी केली. १९७९ च्या आरंभी औंसास (३१.१ ग्रॅ.) सु. सहा डॉलर असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरांच्या घरात गेला. चढ्या भावामुळे घरोघरची भांडी वितळविण्यासाठी बाहेर पडली. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने उसनवारीवरील खरेदीस आळा घातला. २७ मार्च १९८० रोजी भाव अकरा डॉलरांखाली आला व हंट बंधूंना मार्जिनची रक्कम भरता आली नाही. तो उच्चांक ऑक्टोबर २०२५ मध्ये ओलांडला गेला. परंतु दरम्यानची महागाई जमेस धरता ती बरोबरीदेखील नव्हती.

भारत चांदीचा मोठा आयातदार असल्याने येथील भावात डॉलरचा दर व आयात शुल्क यांचीही भर पडते; जुलै २०२४ मध्ये हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणताच भाव उतरले. दागिने वा भांडी विकताना घडणावळ परत मिळत नाही व कसातील तूटही सोसावी लागते. म्हणून गुंतवणुकीसाठी ९९९ शुद्धतेच्या विटा वा नाणी अधिक सोयीची. २०२१ मध्ये सेबीने चांदीवर आधारित निधींना परवानगी दिल्यामुळे धातू न बाळगताही गुंतवणूक करता येते. चांदीवर व्याज मिळत नाही. शिवाय सोन्याच्या तुलनेत तेवढ्याच किंमतीची चांदी ठेवण्यास कितीतरी पट अधिक जागा लागते.