निळ्या किरणाची मोट

दिवाळीला वाटूरला बहिणीकडे गेलो, तर भाच्याची तक्रार तयार! "मामा, घरच्या विजेरीत लाल लेसर पेटतो, निळा का नाही?"

विजेरीत लिथियमचा एकच सेल, ३.७ व्होल्टचा. लाल डायोडला अडीचच्या आसपास पुरतात; निळ्याला साडेचारपर्यंत लागतात. विहिरीचे पाणी पाटात आणायला मोट हवी, तसे इथे दाब चढवणारे 'बूस्ट' मंडल हवे. अर्थात दाब चढला की सेलवर ओढही वाढते.

मी नुसता दाब चढवणारे मंडल आणले. डायोड तापत गेला, अधिकाधिक प्रवाह ओढू लागला नि जळाला! मंडल घ्यावे ते प्रवाह बांधून ठेवणारे.

दुसरे आणण्याआधी मात्र भाच्यासाठी निळा किरण अडवणारा चष्मा आणला. डायोड पुन्हा मिळतो, डोळा नाही.