आजोबांचा दाखला आणि संगणकातली सूची



२०२३ सालची गोष्ट आठवते ना? सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली दप्तरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळांची प्रवेश रजिस्टरं, सगळंच बाहेर निघालं. काही नोंदी मोडीत, तर काही उर्दूत.

त्याच सुमारास एक आजोबा शाळेत आले. "गुरुजी, बापाचं नाव ह्याच्यात असंल बघा. साल काही ध्यानात नाही." नातवाच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती. नंबर माहीत असता तर नोंद एका मिनिटात सापडली असती, कारण आपलं जनरल रजिस्टर प्रवेश क्रमांकानुसार लिहिलेलं असतं. पण नुसत्या नावावरून शोधायचं तर? पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक ओळ वाचायची. पानांच्या कडा तुटत होत्या, आणि आजोबा व्हरांड्यात बसून होते.

मोठा डेटाबेस मंद होतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने. डेटाबेस म्हणजे संगणकातलं रजिस्टर, आणि त्याला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. शोधायला सोपी वाट नसेल, तर संगणकही आपल्यासारखी एकेक ओळ वाचतो. शंभर नोंदींत ते जाणवत नाही, पण एक कोटी नोंदींत जाणवतं.

सूची काय करते?

वर्गात एक खेळ घेऊन बघा. १ ते १००० मधला एक अंक मनात धरा आणि मुलांना ओळखायला सांगा. तुम्ही फक्त "मोठा", "लहान" किंवा "बरोबर" म्हणायचं. मुलं १, २, ३ करत गेली तर तास संपेल. पण आधी ५००, मग २५० किंवा ७५०, असं दरवेळी निम्मं करत गेली तर जास्तीत जास्त १० प्रयत्नांत उत्तर येतं. याच पद्धतीने १० लाखांत २० आणि एक कोटीत २४ प्रयत्न पुरतात. अट एकच, अंक क्रमाने लावलेले हवेत.

नावांचं असंच क्रमवार टिपण काढून प्रत्येकापुढे मूळ नोंदीचा पत्ता लिहिला, की झाली सूची. संगणकात तिला इंडेक्स म्हणतात. बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बी-ट्री नावाची रचना मांडली. तिच्यात एका पानावरून दोनच नाही तर शेकडो वाटा फुटतात, म्हणून लाखो नोंदींतही तीन-चार पानं उघडून काम भागतं. आजचे बहुतेक डेटाबेस हीच रचना वापरतात.

सूची असूनही उशीर का होतो?

१. क्रम चुकतो. सूची आधी तालुका, मग गाव अशी लावली असेल, तर "भोकरदन तालुक्यातलं अमुक गाव" लगेच सापडतं. पण तालुका न सांगता नुसतं गाव विचारलं, तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

२. सुरुवातच माहीत नसते. "नावाच्या शेवटी 'राव' असलेले सगळे" असं विचारलं तर अकारविल्हे यादी काय कामाची?

३. उत्तरच फार मोठं असतं. "सगळ्या मुली" म्हटलं की जवळपास निम्मं रजिस्टर आलं. तिथे सरळ वाचत गेलेलंच बरं.

४. गरजेपेक्षा जास्त मागतो. नाव आणि जन्मतारीख पुरेशी असताना सगळे रकाने कशाला मागवायचे?

संगणक कोणत्या वाटेने शोधणार आहे, हे त्यालाच विचारता येतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन्हींत त्यासाठी 'एक्स्प्लेन' ही आज्ञा आहे. आधी ती देऊन बघायची, उपाय नंतर. गणित चुकलं की आपण मुलाला "कसं केलंस ते दाखव" म्हणतो, तसंच हे.

मग सगळ्याच रकान्यांची सूची का नको?

कारण सूची फुकट मिळत नाही. नवा प्रवेश झाला की रजिस्टरमध्ये लिहायचं आणि प्रत्येक सूचीतही लिहायचं. दहा सूच्या असतील तर एका प्रवेशासाठी अकरा ठिकाणी लिखाण. जागाही जास्त लागते. म्हणून जो प्रश्न वारंवार येतो, त्याचीच सूची करायची.

आता आजोबांकडे येऊ. नोंद सापडली, पण तिसऱ्या दिवशी. रजिस्टर लिहिणाऱ्या गुरुजींचा काही दोष नव्हता. इतक्या वर्षांनी कोण काय विचारेल, हे त्यांना कसं कळणार? नव्या प्रश्नासाठी एकदा सगळं वाचावंच लागतं. संगणकालाही सूची बनवताना प्रत्येक नोंद एकदा वाचावी लागते. पण तेच वाचन दुसऱ्यांदा करावं लागलं, तर चूक आपली.

म्हणून त्या तीन दिवसांत वाचता वाचता आम्ही आडनाव, नाव, प्रवेश क्रमांक आणि पान एवढे चार रकाने एक्सेलमध्ये उतरवून ठेवले. आता कुणी जुना दाखला मागायला आलं, की चहा येण्याआधी पान उघडलेलं असतं.

तुमच्याही शाळेच्या कपाटात अशी रजिस्टरं असतील. रोज दोन पानं उतरवायला घ्या. व्हरांड्यात कुणाचे तरी आजोबा वाट बघत असतील.