झाड पाडण्याचा हिशेब

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

झाडें लावण्याविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. झाड पाडण्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. विषय अमंगळ वाटतो हें खरें. परंतु ज्यांच्या अंगणांत जुनें झाड आहे, त्यांच्यापुढें हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच; आणि त्या वेळीं झाडाच्या वियोगाआधीं धक्का बसतो तो मागितलेल्या पैशांचा. दहा-वीस रुपयांचें रोप लावावें आणि तें काढण्यास हजारों रुपये मोजावे, हा कोणता न्याय, असें मनांत येतें. मलाहि तसेंच वाटलें होतें. पुढें हिशेब मांडून पाहिला, तेव्हां उलगडा झाला. तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

आमचें पुण्यांतील घर १९८४ सालीं बांधून झालें आणि त्याच पावसाळ्यांत वडिलांनीं दाराशीं एक गुलमोहर लावला. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटांतील. त्याची वाढ झपाट्याची, सावली विस्तीर्ण; पण मुळें उथळ आणि लांकूड ठिसूळ. २०२३ सालच्या आरंभीं त्याच्या बेचक्यांत पोकळी दिसूं लागली, कुंपणाची भिंत तडकली आणि एक जाड फांदी शेजाऱ्यांच्या मागील खोलीवर झुकली. शेजारच्या वहिनी तोंडानें कांहींच बोलल्या नाहींत. मात्र एके दिवशीं त्यांनीं नातवाची खाट त्या खोलींतून हलविली, तें मीं खिडकींतून पाहिलें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

मीं तीन ठेकेदारांना बोलाविलें. पहिल्यानें ९,००० रुपये सांगितले, दुसऱ्यानें १६,००० आणि तिसऱ्यानें २४,०००. झाड तेंच, अंगण तेंच, आणि किमतींत अडीच पटींहून अधिक अंतर! हें कां व्हावें?

पहिली गोष्ट ही कीं, आपण पैसे देतों ते झाड कापण्याचे नव्हेत. कापलेलें झाड सुखरूप खालीं उतरविण्याचे. यांत्रिक करवतीनें फांदी क्षणांत कापली जाते. प्रश्न उरतो तो तिच्या वजनाचा. जुन्या संवयीनें मीं येथें थोडें गणित केलें. बुंध्याचा घेर सहा फूट होता. घेराला घेरानें गुणून साडेबारांनीं भागिलें, म्हणजे छेदाचें क्षेत्रफळ मिळतें. तें आलें पावणेतीन चौरस फुटांहून थोडें अधिक. अशा बुंध्याचा दहा फूट लांबीचा तुकडा अठ्ठावीस घनफुटांवर जातो. ओल्या लांकडाचें वजन घनफुटाला पंचवीस किलो जरी धरलें, तरी तो एकच ओंडका सातशें किलोंचा होतो! आणि घेर दुप्पट झाला कीं वजन दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. म्हणून कोंवळें झाड आणि जुनें झाड यांच्या खर्चांत जमीन-अस्मानाचें अंतर पडतें.

दुसरी गोष्ट, झाडाखालीं काय आहे? मोकळ्या माळावरचें झाड बुंध्याशीं कापून आडवें पाडतां येतें. परंतु ज्याच्या एका अंगास घर, दुसऱ्या अंगास शेजाऱ्यांचें छप्पर आणि डोक्यावर विजेच्या तारा आहेत, तें झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्यानें, दोर बांधून उतरवावें लागतें. एका दिवसाचें काम तीन दिवसांवर जातें. तारा जवळ असल्यास वीजपुरवठा बंद ठेवण्याची व्यवस्था आधींच करावी लागते. तिसऱ्या ठेकेदाराच्या २४,००० रुपयांत क्रेनचें भाडें धरलेलें होतें. पण आमची गल्ली मीं टेपानें मोजली, ती भरली सात फूट. जी क्रेन आंत येऊंच शकत नव्हती, तिचे पैसे कशाला द्यावयाचे?

तिसरी गोष्ट, किमतींत काय धरलें आहे आणि काय वगळलें आहे? पहिल्याचे ९,००० रुपये केवळ कापण्याचे होते. फांद्या व पाला वाहून नेण्याचे ४,००० आणि बुडखा खणून काढण्याचे ५,००० वेगळे. म्हणजे झाले १८,०००! दुसऱ्याच्या १६,००० रुपयांत हें सर्व आलेलें होतें. लांकडाचीहि बोली आधींच करावी. साग वा फणस असेल तर लांकडाला मोल येतें आणि तेवढी रक्कम वजा करून मागतां येते. गुलमोहराचें लांकूड म्हणजे बहुतेक सरपणच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मला माझ्याच चुकीनें कळली. २०१५ सालीं मागील दारचा एक वठलेला नारळ काढावयाचा होता. मीं सर्वांत स्वस्त माणूस पाहिला. त्यानें एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा वर चढविला. कमरेला पट्टा नाहीं, डोक्याला शिरस्त्राण नाहीं. दहा-बारा फुटांवरून त्याचा पाय निसटला आणि मनगट मोडलें. ठेकेदार त्या संध्याकाळीं गेला तो पुन्हां दिसला नाहीं. औषधपाण्याचा खर्च मीं केला. परंतु त्या पोराची दोन-तीन महिन्यांची मजुरी बुडाली, ती कोणीं भरून दिली? मींहि पुरती दिली नाहीं, हें आज कबूल करतों. मीं वांचविलेले पैसे वास्तविक वांचलेच नव्हते. ते त्या पोराच्या हातावर पडले होते. तेव्हांपासून मी ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारतों तो दराचा नव्हे; वर कोण चढणार, त्याला पट्टा आहे का आणि त्याचा विमा उतरविला आहे का, हा.

आतां परवानगीविषयीं. झाड आपल्या अंगणांतलें, म्हणून तें वाटेल तेव्हां पाडावें असें चालत नाहीं. महाराष्ट्रांत शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो; मग पाहणी होते, सूचना लागते, लोकांच्या हरकती मागविल्या जातात. मोठ्या छाटणीलाहि परवानगी लागते. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष ठरविलें, आणि पाडावयाच्या झाडाचें जितकें वय, तितकीं नवीं रोपें लावावीं असें बंधन घातलें. परवाना मिळण्यास आम्हांला दोन महिन्यांवर काळ लागला. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर धांवाधांव करण्यापेक्षां हिंवाळ्यांतच अर्ज द्यावा. आणि त्याआधीं जाणकारास झाड दाखवून छाटणीनें भागेल का, हें अवश्य विचारावें. भागलें, तर पैसाहि वांचतो आणि झाडहि. आमच्या गुलमोहराची पोकळी खोडांत उतरली होती; म्हणून उपाय उरला नाहीं.

मीं दुसऱ्या ठेकेदारास काम दिलें. काय करणार, किती दिवसांत आणि किती रुपयांत, हें कागदावर लिहून घेतलें. फांद्यांत घरटें नाहीं, हें पाहूनच त्याच्या माणसांनीं करवत लाविली. तीन दिवसांत झाड उतरलें. एक कौलहि फुटलें नाहीं आणि कोणाला ओरखडाहि आला नाहीं. बुंधा कापला तेव्हां आंत हात जाईल एवढी पोकळी निघाली. वहिनींनीं ती पाहिली आणि त्याच संध्याकाळीं खाट पुन्हां जागेवर आली.

परंतु हिशेब येथें संपला नाहीं. १९८४ पासून २०२३ पर्यंत एकोणचाळीस वर्षें. म्हणजे एकोणचाळीस रोपें. महापालिकेनें दाखविलेल्या जागीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं खड्डे खणले आणि तीं रोपें लाविलीं. रोपें, खत, कुंपण आणि पाणी यांवर आजवर झालेला खर्च झाड पाडण्याच्या खर्चाच्या जवळ येऊन ठेपला आहे, आणि तो अजून चालूच आहे. वडिलांनीं लावलेल्या एका रोपाची खरी किंमत काय होती, तें मला त्या एकोणचाळिसांना पाणी घालतांना कळतें. या खर्चाचा मात्र मला धक्का बसला नाहीं.