बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी

बी.एड. झालं की पहिलीपासून बारावीपर्यंत कुठल्याही वर्गावर शिकवता येतं, अशी अनेक घरांत अजूनही पक्की समजूत आहे. या एका समजुतीपायी दोन वर्षं आणि भरलेली फी वाया जाऊ शकते, म्हणून सुरुवात तिच्यापासून. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 28 जून 2018 च्या अधिसूचनेमुळे बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं गेलं होतं. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा, एवढी अट होती. राजस्थान उच्च न्यायालयानं ही अधिसूचना रद्द केली आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. मला हा निकाल मनापासून पटतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळंच काम आहे आणि डी.एल.एड. त्यासाठीच आखलेलं आहे. लहान मुलांमध्येच रमणाऱ्यानं तिकडे वळावं.

बी.एड.चं क्षेत्र सहावीपासून पुढचं. सहावी ते आठवीसाठी त्यासोबत टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर लागतो, अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी. सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर बी.एड. नव्हे, नेट-सेट किंवा पीएच.डी.ची वाट धरावी लागते.

‘पदवी हातात आली की नोकरी’ हेही खरं नाही. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांतली भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या म्हणजे ‘टेट’च्या गुणांवर होते. ही चाचणी दरवर्षी होईल असं धरून चालू नये: पहिली डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट 2023 मध्ये. घरचं आर्थिक गणित मांडताना हे अंतर लक्षात असू द्या.

आता तयारीबद्दल. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेत म्हणजे सीईटीत चांगले गुण पडले की तयारी झाली, असं बहुतेकांना वाटतं. पण ही परीक्षा बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता तपासते. तुमचा विषय ती विचारतच नाही! कॉलेज सुरू झालं की मात्र रोज तोच लागतो. सूक्ष्म अध्यापनाचं एक चक्र 36 मिनिटांचं असतं: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ नव्यानं बेतायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं ऐकायचं. विषय कच्चा असेल तर प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा याकडे लक्षच जात नाही. सगळा जीव आशय आठवण्यात जातो.

आणि पदवीधर असूनही शालेय विषय कच्चा असू शकतो. अपूर्णांकानं भागताना तो उलटा करून गुणायचं, हे गणिताच्या प्रत्येक पदवीधराला येतं. उलटा का करायचा, हे सातवीतल्या मुलाला पटेल असं सांगायला गेलं की अनेक जण अडखळतात. तीन भाकऱ्यांत अर्ध्या भाकऱ्या किती, असं विचारलं की मूल स्वतःच ‘सहा’ म्हणतं. म्हणजे तीन भागिले अर्धा बरोबर तीन गुणिले दोन. असं उदाहरण ऐन तासाला सुचत नाही, त्यावर आधी विचार झालेला असावा लागतो. म्हणून प्रवेशाची वाट पाहण्याच्या काळात मानसशास्त्राची गाइडं पाठ करण्यापेक्षा बालभारतीची सहावी ते दहावीची आपल्या विषयाची पुस्तकं ओळ न् ओळ वाचावीत. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत्येक धड्यापाशी मूल कुठे अडेल, हे वहीत टिपून ठेवावं. शेजारचं एखादं मूल घेऊन बसता आलं तर फारच उत्तम.

राहिला हजेरीचा प्रश्न. ‘नाव घालायचं, नोकरी सांभाळायची, परीक्षेला जायचं’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार एरवी 80 टक्के आणि आंतरवासितेत म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात 90 टक्के उपस्थिती लागते. शाळेतले एकूण 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. नवख्यांसाठी नाही, ते आधीच अध्यापक प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. सध्या नोकरी असेल तर या 16 आठवड्यांच्या रजेचं बोलणं प्रवेश घेण्याआधीच करून घ्या.